सासूबाईंच्या गच्चीवरचा घुम्या

आकड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या खात्यात नाही! हे मी नाही, अख्खं खातं म्हणतं. आता खात्यात सगळ्यात जास्त मीच बोलतो, त्यामुळे ते माझ्याच आवाजात ऐकू येतं, हा भाग निराळा.

एकवीस वर्षं मी हवा मोजतोय. लोक विचारतात, हवा कशी काय मोजतात हो? अगदी सोपं आहे. एक पांढरा कागद घ्यायचा, त्याचं वजन करायचं आणि तो यंत्रात बसवायचा. यंत्र एक दिवस नि एक रात्र हवा ओढतं. हवा निघून जाते, धूळ आणि काजळी कागदावर राहते. दुसऱ्या दिवशी कागद काढून पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन वाढलं, तेवढी घाण तुमच्याआमच्या नाकात गेली! काम सोपं आहे, पण ते बिनचूक करायला माझ्यासारखा माणूस लागतो. एकवीस वर्षांत माझा एकही आकडा चुकला नव्हता.

नव्हता म्हणतोय हं, मंडळी. पुढचं ऐका.

त्या दिवशी आमच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत. नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवतात, तेवढ्यानंच समोरच्याच्या तोंडचं पाणी पळतं.

"लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याला दुसरं धुराडं उभारायचंय," त्या म्हणाल्या. "मागच्या गल्लीतली हवा तीस दिवस मोजायची आहे. सरासरी शंभराच्या आत आली तर परवानगी, वर गेली तर नाही. यंत्र ठेवायला त्या गल्लीत एक गच्ची हवी. पण यंत्र दिवसरात्र घुमतं, म्हणून कुणी देत नाहीये."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी मात्र ताडकन उभा राहिलो!

"मॅडम, माझ्या सासूबाईंचं घर त्याच गल्लीत आहे! गच्ची आपलीच समजा!"

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? सासूबाई माझा शब्द खाली पडू देत नाहीत!"

"मला त्यांची काळजी नाही. तुमच्या शब्दाची वाटते," असं म्हणून मॅडमनी एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती, 'यंत्राच्या आसपास धुराचा कोणताही थेट स्रोत नाही याची मी स्वतः खात्री केली आहे.' मी खाली झोकदार सही ठोकली. शेवटच्या अक्षराला एक वेलांटी जादाच दिली!

आता सासूबाईंविषयी सांगतो. सासरे गेल्यापासून त्या आपल्या बैठ्या घरात एकट्या राहतात. "आमच्याकडे राहायला या" म्हटलं, की "तुमच्याकडे गच्ची नाही" म्हणतात. एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्या मुकादम होत्या. हजारो चादरी त्यांच्या हाताखालून गेल्या. कुठलाही डाग दाखवा, तो कशाचा, किती दिवसांचा आणि कशानं जाईल हे त्या उभ्याउभ्या सांगतात. त्यांच्याकडे जेवताना मी शर्टावर काही सांडू देत नाही. आधीच्या आठवड्यात हॉटेलात काय खाल्लं तेसुद्धा त्यांनी एकदा माझ्या बायकोसमोर बाहीवरून ओळखलं होतं!

अशा बाईंच्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरी गेली दोन वर्षं काळ्या पडत होत्या. कारण मागे ते धुराडं. शिवाय त्यांना खोकला लागला होता. गल्लीतल्या बऱ्याच जणांना लागला होता, पण सासूबाईंचा जरा जास्तच. गल्लीनं अर्ज करकरून आमच्या खात्याची एक फाइल भरवली होती.

"बरं झालं," यंत्राचं ऐकून सासूबाई म्हणाल्या. "एकदाचं मोजून होऊ दे, जावईबापू. हा खोकला माझा आहे की त्या धुराड्याचा, ते तरी कळेल. त्यात दुसरं उभं राहिलं, तर आम्ही कुठं जायचं?"

"आई, काळजीच सोडा! यंत्र कधी खोटं बोलत नाही. फक्त किमती आहे, तेवढं जपा."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो असेन, मंडळी!

यंत्र गच्चीवर बसलं. कमरेइतकं उंच, डोक्यावर पत्र्याची टोपी, टोपीच्या कडेखालून हवा आत ओढायची. सुरू करताच ते घूंऽऽ करून घुमायला लागलं. सासूबाई चारही बाजूंनी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "दिवसरात्र घुमणार, पण बोलणार काही नाही. घुम्याच म्हणायचं याला!"

दुसऱ्या दिवशी मी भीतभीत विचारलं, "आई, आवाजाचा त्रास नाही ना झाला?"

"त्रास कसला? घरात कुणीतरी घोरतंय असं वाटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली बघा."

मला एकदम भरून आलं. मग मी वर जाऊन कागद बदलला, खाली येऊन चहा घेतला आणि स्कूटरला किक मारायला लागलो.

हां, स्कूटर राहिलीच! माझी स्कूटर माझ्या लग्नाच्या आधीची. तिचा आवाज दोन गल्ल्या आधी पोचतो. थोडासा धूर सोडते. थोडासा म्हणजे, मागून येणारे लोक भरदिवसा दिवे लावतात, एवढाच. सकाळी येताना एका किकला सुरू होते, पण परत निघताना दहा मिनिटं रुसून बसते. आमच्या इमारतीत तिला उघडून बसायला बंदी आहे. म्हणून दर रविवारी मी सासूबाईंच्या अंगणात, गच्चीच्या बरोब्बर खाली, तिला घेऊन बसतो. तासभर इंजिन चालू ठेवून कान लावून ऐकतो. माणसाला एखादा छंद असावा!

पहिला आकडा आला अडतीस.

मॅडमनी चष्मा काढला. "अडतीस? आपल्या बागेतल्या यंत्राचा आकडा बासष्ट आहे. कारखान्यामागे अडतीस?"

"वारा असेल, मॅडम."

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी सदतीस. मॅडमनी वजनकाटा तपासायला लावला. काटा चोख! यंत्राची ओढ तपासली. तीही चोख! मी स्वतः सकाळी गच्चीवर उभा राहून बघितलं, हवा मस्तपैकी आत जात होती. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी गडबड आहे." मी छाती पुढे काढून म्हणालो, "मॅडम, एकवीस वर्षं!"

त्याच दिवशी चहाच्या टपरीवर मी सहज बोलून गेलो, की शहरातली सगळ्यात शुद्ध हवा कुठे असेल तर ती आमच्या सासूबाईंच्या गल्लीत! पण सहज बोलायला शेजारी वार्ताहरच उभा असावा! दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट, 'ही पाहा शहरातली सर्वांत शुद्ध हवा!' आणि खाली माझा फोटो, हसरा.

पेपर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर गल्लीत वळवली, तर समोर पंचवीसतीस पेन्शनर रांगेत उभे! कुठल्याशा दीर्घश्वसन मंडळाचे होते. धुराड्याकडे तोंड करून सगळे जोरात श्वास घेत होते. दर चौथ्या श्वासाला सगळे मिळून खोकत होते.

"त्रास होतोय का काका?" मी एकाला विचारलं.

"छे छे! आतला जुना कफ सुटतोय! शुद्ध हवेचा गुण!" आणि डोळ्यांतलं पाणी पुसत त्यांनी पुढचा श्वास घेतला.

कारखान्याच्या मॅनेजरनं तर मला पुष्पगुच्छ पाठवला! मी तो कौतुकानं घरी नेला. बायकोनं तो माझ्या हातातून घेतला आणि सरळ केराच्या डब्यात उभा करून ठेवला.

"अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? आई सकाळी सकाळी खोकून बेजार होते. चादरी काळ्या पडतायत. आणि तुम्ही म्हणे अडतीस!"

"आकडा अडतीस आहे, त्याला मी काय करू? अडतीसमध्ये खोकला येत नाही!"

"मग तसं आईच्या खोकल्याला लेखी कळवा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगाच?"

गल्लीतले लोकही माझ्याकडे तिरके बघायला लागले. शेजारच्या काकू तर सासूबाईंना माझ्यादेखत म्हणाल्या, "बाहेरच्यानं नाही हो, तुमच्या जावयानंच गल्लीचं वाटोळं केलं!"

सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "आमच्या जावयाचं यंत्र आहे ते. खोटं कसं बोलेल?"

आणि मी काय केलं असेल? मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "आई, खोकला कधीकधी मनाचाही असतो बरं का. लक्ष दुसरीकडे वळवा."

"असेल हो," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर माझ्यासमोर त्यांचा खोकला थांबला. मला वाटलं, बघा, एका वाक्यात बरा केला! त्या मागच्या खोलीत जाऊन, नळ मोठा सोडून खोकतात, हे मला नंतर बायकोनं सांगितलं. जावयाच्या आकड्याला कमीपणा नको म्हणून. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

असे एकोणतीस दिवस गेले. सरासरी चाळीस! मी अहवाल टाईप करून ठेवला. फक्त शेवटचा कागद आणायचा, वजन करायचं आणि दुसऱ्या दिवशी सुनावणीत मॅडमच्या पुढ्यात ठेवायचा, की धुराड्याला परवानगी. वाईट वाटत होतं, पण आकडा म्हणजे आकडा.

तिसाव्या दिवशी स्कूटर दोन गल्ल्या आधीच फस्सऽऽ करून बंद पडली. नेहमी निघताना रुसणारी ही, आज येतानाच रुसली! ढकलत ढकलत, आवाज न करता, घामाघूम होऊन मी पोचलो. दार उघडंच होतं. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. म्हटलं, आधी कागद काढू. आणि जिना चढून वर गेलो.

बघतो तर काय! घुम्याच्या टोपीला गोल फिरवून एक फडकं बांधलेलं! हवा आत जायची सगळी वाट झाकलेली, वर नाडीची छान गाठ! पायाखालची गच्ची सरकल्यासारखं झालं मला.

"आईऽऽऽ!"

सासूबाई धावत वर आल्या. "अगंबाई! जावईबापू! आज आवाज कसा नाही आला?"

"कसला आवाज?"

"स्कूटरचा हो! ती वळणावर आली की मी वर येऊन फडकं सोडते. आज राहिलंच. पाहुण्यांसमोर असं गुंडाळलेलं बरं नाही ना दिसत."

"आणि मी खाली आलो की?"

"तुमचा चहा होईस्तोवर नवीन बांधून येते. तुम्ही म्हणालात ना, किमती यंत्र आहे, जपा! दिवसभर तोंड उघडं टाकून काजळी खात बसतो बिचारा. म्हटलं, माणसाला नाकाला पदर तरी लावता येतो, याला कोण लावणार?"

"अहो आई, काजळी खाणं हेच त्याचं काम आहे!"

"हो, पण आजारी पडला असता म्हणजे?"

मी पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसलो. माझ्याच घरी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. सोफ्याचे अभ्रे फक्त पाहुणे आले की निघतात. ही सवय बायकोच्या माहेरून आली हे मी पंधरा वर्षं चारचौघांत सांगत आलो होतो. मलाच कळायला हवं होतं!

"आई, मी मोजत होतो ती हवा तुमच्या फडक्यातून गाळलेली होती," मी म्हणालो. "अडतीस तुमच्या गल्लीतला आकडा नव्हताच. तो फडक्याच्या आतला होता."

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं. चेहरा उतरत गेला.

"म्हणजे... दुसऱ्या धुराड्याला परवानगी मिळणार? माझ्यामुळे?" आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. महिनाभर मागच्या खोलीत दाबलेला सगळा खोकला बाहेर पडत होता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या बाईला 'मनाचा खोकला' म्हणालो, तिनं माझ्या यंत्राच्या नाकाला पदर लावला होता आणि स्वतःचं नाक उघडं ठेवलं होतं.

"गल्लीला कुठल्या तोंडानं सामोरी जाऊ?" त्या म्हणाल्या.

एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "आई, रोज नवीन फडकं बांधायचात ना? मग जुनी... धुतलीत?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना शिवी दिली!

"धुतली? एकेकटी? एकतीस वर्षं मुकादम होते मी, जावईबापू! काजळीचं कापड तसंच पाण्यात नाही घालत, डाग मुरतो! सगळी साठवायची, एका दिवशी कोरडी झटकायची, मग सोड्यात. उद्या झटकणार होते."

पलंगाखालून त्यांनी पत्र्याची ट्रंक ओढली. आत वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकोणतीस फडकी! एकाच जुन्या पांढऱ्या चादरीची, एका मापाची, कडा दुमडून शिवलेली. आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तारीख!

"तारीख कशासाठी?" मी विचारलं.

"तारीख घातल्याशिवाय कापड ठेवायचं? रुग्णालयात असं चालत नाही, ते काय हॉटेल आहे?"

आता मॅडमना सांगायचं कसं? दहा मिनिटं मी वेगवेगळी कारणं जुळवून बघितली. वीज कमीजास्त झाली, कबुतर बसलं, वारा. शेवटी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "खरं काय ते सांगा. नाहीतर सरळ आईकडेच राहा आणि गच्चीवर घुमत बसा!"

सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"एकवीस वर्षं," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"फडकं."

"हो मॅडम."

"उद्या सुनावणीला सासूबाईंना घेऊन या. आणि देवाशपथ, त्यांना काही झटकू देऊ नका!"

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयाच्या हॉलमध्ये खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत दोरी बांधली. सासूबाईंनी स्वतःचे चिमटे आणले होते. तारखेप्रमाणे तीसही फडकी त्यांनी एका ओळीत लावली, मधलं अंतर बोटांनी मोजून! मागे गल्लीतली मंडळी बसली होती, दीर्घश्वसन मंडळाचे दोन काका होते. कारखान्याचा मॅनेजर टाय सावरत आत आला आणि दारातच थबकला.

"मॅडम, हे कार्यालय आहे की कुणाची गच्ची?"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "यंत्राचे आकडे चुकलेत, ते रद्द. ही फडकी यंत्राच्या तोंडावर होती. हा पुरावा म्हणून धरता येणार नाही, पण बघता येईल."

बघायला डोळे पुरेसे होते. सोमवार काळा, मंगळवार काळा, बुधवार तर तव्यासारखा! श्वसनवाल्या काकांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

मॅनेजर मात्र पक्का होता. तो दोरीजवळ गेला, तारखा वाचल्या आणि वळून हसला.

"मॅडम, रविवारी आमचा कारखाना पूर्ण बंद असतो. भट्टी थंड! मग या चार रविवारांच्या फडक्यांवर हे एवढे काळे डाग कसे? धूर आमचा नसतानाही फडकं काळं होतंय. म्हणजे धूर आमचा नाहीच!"

गल्लीचा चेहरा पडला. मॅडम सासूबाईंकडे वळल्या. "रविवारी काय असतं तिथं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यांना माहीत होतं! पहिल्या रविवारपासून माहीत होतं! डाग बघून न कळायला ती बाई काय कच्ची होती?

"तो... तो माझ्या स्टोव्हचा असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांचे कान लाल झाले.

एकतीस वर्षांत एकाही डागाला खोटं नाव दिलं नव्हतं त्यांनी. आज देत होत्या, जावयासाठी! आणि त्यापायी अख्ख्या गल्लीवर दुसरं धुराडं उभं राहणार होतं. मी उभा राहिलो.

"मॅडम, तो माझ्या स्कूटरचा धूर आहे. दर रविवारी गच्चीखाली तासभर चालू ठेवतो. दुरुस्त करायला."

मॅडमनी शांतपणे फाइल उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "'यंत्राच्या आसपास धुराचा कोणताही थेट स्रोत नाही याची मी स्वतः खात्री केली आहे.' सही तुमचीच ना? वेलांटी ओळखीची वाटते."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मॅनेजर तर टेबलावर थाप मारून म्हणाला, "मिटलं! हे रोज येतात. तीसही दिवसांचा धूर यांच्या स्कूटरचा!"

"ओ साहेब, थांबा जरा!" सासूबाईंचा आवाज असा खणखणीत निघाला, की धुलाईघरात तो कसा चालत असेल ते मला तेव्हा कळलं. "आता जावयानं कबूल केलंय, आता मी बोलते. डागाडागात फरक असतो! हे रविवारचं बघा, तेलकट. बोट लावलं की चिकटतं, रॉकेलशिवाय जायचं नाही. आणि हे बुधवारचं? कोरडं, खरखरीत! हे स्कूटरचं असेल, तर मी एकतीस वर्षं धुणी नाही, माशा मारल्या!"

"हे तुमचं म्हणणं झालं, आजी."

"माझं कशाला? याला विचारा." असं म्हणून त्यांनी पिशवीतून शिवणाचा डबा काढला आणि डब्यातून एक लोहचुंबक. सांडलेल्या सुया गोळा करायचा, नेहमीचा, नालासारखा. "उतरवलेल्या फडक्यावर तारीख घालताना मी सुई याच्यावर ठेवायची. रोज बघते तर याला दाढी आलेली! कपड्यावरून चुंबकाला दाढी येते, हे काही मी आजवर पाहिलं नव्हतं."

त्यांनी चुंबक रविवारच्या फडक्यावरून फिरवला. काही नाही. मग बुधवारच्या. सगळे खुर्च्या सोडून पुढे आले. चुंबकाच्या दोन्ही टोकांना बारीक, काळी, काटेरी दाढी उभी राहिली!

"लोखंड," मॅडम म्हणाल्या.

"लोखंड काय, कुठूनही येतं," मॅनेजर पुटपुटला.

"हो ना!" मागून शेजारच्या काकूंचा आवाज आला. "आमच्या गल्लीत घरोघरी रोज लोखंडच शिजवतात!"

मॅनेजरनं टाय सैल केला आणि, खोटं सांगत नाही, तो खोकला.

मॅडमनी तिथल्या तिथे आदेश लिहिला. दुसऱ्या धुराड्याचा अर्ज स्थगित. पहिल्या धुराड्याची तपासणी. त्याच गच्चीवर पुन्हा तीस दिवस मोजणी. आणि खाली तीन अटी. एक, यंत्राच्या तोंडाला कोणीही, कितीही प्रेमानं, काहीही बांधू नये. दोन, नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यानं आपलं वाहन दोन गल्ल्या आधी ठेवून पायी यावं. तीन, रोजच्या नोंदीवर घरमालकीणबाईंची सही असल्याशिवाय आकडा ग्राह्य धरला जाणार नाही.

म्हणजे बघा! आकड्यांच्या बाबतीत ज्याचा हात धरणारा कोणी नाही, त्या माणसाच्या आकड्यावर आता सासूबाई सही करतात! आधी कागद उजेडात धरून बघतात, मग मान हलवतात, मग सही. परवा तर म्हणाल्या, "कोपऱ्यात तारीख नाही घातलीत." घातली बाबा, निमूटपणे घातली.

आज मोजणीचा बारावा दिवस. कालचा आकडा एकशे चौऱ्याहत्तर. मी रोज दोन गल्ल्या चालत जातो आणि त्या धुराड्याखालून जाताना सपाटून खोकतो. मनाचा नाही, चांगला छातीतून! सासूबाई दारातच उभ्या असतात. हातात घडी घातलेलं, नाडी लावलेलं पांढरं फडकं असतं, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं त्या दिवसाची तारीख. दोनच कोरी फडकी उरली होती म्हणून त्यांनी आणखी एक चादर फाडलीय. एक त्या स्वतःच्या नाकाला बांधतात, एक माझ्या.

"आई, अहो, लोक बघतात!"

"बघू देत. घुम्याला बांधायला तुमच्या मॅडमची बंदी आहे. जावयाला बांधू नये असं कुठं लिहिलंय?"

मी मान खाली घालून बांधून घेतो. त्या मागे गाठ मारतात, जरा घट्टच. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मंडळी, मॅडमच्या कानावर जाऊ देऊ नका, पण त्या फडक्याच्या आत मोजलंत, तर आकडा अजूनही अडतीसच येईल!